गोचीड, उंदीर आणि डॉक्टरांची फी

नालासोपारा स्टेशनहून राजोडीकडे येणाऱ्या शेअर रिक्षात कुत्र्याला जागा नसते. मांजर टोपलीत घालून कसंबसं नेता येतं. पण वीस-पंचवीस किलोचा गडी दवाखान्यात न्यायचा म्हणजे स्पेशल रिक्षा आली, तीही जाऊन-येऊन, आणि दवाखान्यात रांग असेल तर थांबण्याचे वेगळे. खासगी दवाखान्यात नुसत्या तपासणीची फी साधारण ३०० ते ८०० रुपयांच्या घरात असते. कधी कधी रिक्षाचं भाडंच तिच्या बरोबरीला येतं. एवढं सगळं जमवायचं म्हटल्यावर ‘चांगला धडधाकट खातोय-पितोय, कशाला न्यायचा?’ हा प्रश्न घरातून येणारच, आणि तो रास्तही आहे. पण कुत्र्या-मांजरांच्या बऱ्याच आजारांत जनावर धडधाकट दिसतं तेव्हाच आजार आत मुरत असतो.

डॉक्टर त्या दहा-पंधरा मिनिटांत करतात काय? वजन घेतात. ताप बघतात; कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, आपल्या हिशेबाने तो कायमचाच तापलेला. जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी चाचपतात, पोट दाबून बघतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात. मग ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबतात. दाबलेली जागा पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत ती पुन्हा गुलाबी व्हायला हवी. उशीर झाला तर रक्ताभिसरणात काहीतरी गडबड आहे. हिरडी मुळातच फिकट असेल तर रक्त कमी आहे. याला ना यंत्र लागतं, ना वीज. हिरड्या काळ्या असल्या तर डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, इतकंच.

हिरडी फिकट दिसली की कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिल्या काही संशयांत एक असतो तो गोचीडतापाचा. राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर फिरवून आणलेल्या कुत्र्याच्या कानात गोचीड सापडला की आपण दोष सुरूच्या झाडांना नाहीतर गवताला देतो. खरं तर आपल्याकडच्या कुत्र्यांना सर्रास लागणारा तपकिरी गोचीड हा घरबशा आहे. जन्मल्यापासून प्रौढ होईपर्यंत तो तीनदा कुत्र्यावर चढतो, रक्त पितो आणि दर वेळी खाली उतरतो. आयुष्यातला बहुतेक काळ तो कुत्र्याच्या अंगावर नसतोच. भिंतीची भेग, दाराची चौकट, पलंगाची सांध, ओट्यावरच्या लाद्यांमधली फट, हे त्याचं घर. रक्ताने टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि एखाद्या फटीत हजारांनी अंडी घालते. उपाशीपोटी प्रौढ गोचीड कित्येक महिने तग धरून राहतो. त्यामुळे रविवारी ओट्यावर बसून चिमट्याने वीस गोचीड काढले आणि रॉकेलात टाकले, तरी खरी पलटण भिंतीतच राहते. कुत्र्यावरचं औषध आणि घरातली फवारणी एकाच वेळी केल्याशिवाय ती हटत नाही.

हा गोचीड एर्लिकिया नावाचा जिवाणू कुत्र्याच्या रक्तात सोडतो, तेही चिकटल्यापासून काही तासांतच. पहिले दोन-तीन आठवडे ताप येतो, खाणं कमी होतं. मग बरेच कुत्रे आपोआप बरे झाल्यासारखे वाटतात, आणि फसगत होते ती इथेच. जिवाणू प्लीहेत दबा धरून बसतो, कधी काही महिने, कधी वर्षानुवर्षं. कुत्रा शेपूट हलवतो, भुंकतो, पाव-बटर खातो. फक्त रक्तातल्या प्लेटलेट कमी असतात. दोन लाखांच्या वर असायला हव्यात त्या बऱ्याचदा त्याखालीच घुटमळत राहतात. काही कुत्र्यांत शेवटी अस्थिमज्जाच खचते, नाकातून रक्त येतं, आणि तेव्हा औषध लागू पडेलच असं नाही. मधल्या काळात पकडला तर उपचार म्हणजे चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, एक जुनं आणि स्वस्त औषध. उशीर झाला तर सलाइन, रक्त चढवणं, रोजच्या फेऱ्या. सीबीसीसारखी साधी रक्ततपासणी काही शे रुपयांत होते. वर्षातून एकदा ती करून घ्या असं डॉक्टर म्हणाले तर त्यांनी बिल फुगवलं असं समजू नये.

बिल फुगतं ते दुसरीकडे, आणि तेही बोललं पाहिजे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूंवरच्या लशी पिल्लाला एकदा नीट क्रमाने दिल्या की संरक्षण किमान तीन वर्षं टिकतं. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटनाही त्या दरवर्षी द्याव्यात असं म्हणत नाही. नीट क्रम म्हणजे काय, तर सहा-आठ आठवड्यांचं झाल्यापासून सोळा आठवडे होईपर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्यं लशीलाच शत्रू समजून मारतात आणि ती नेमकी कधी ओसरतात ते पिल्लागणिक बदलतं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. लोक नेमका तिसरा डोस चुकवतात आणि मग वर्षानुवर्षं इमानदारीने बूस्टर देत राहतात. उलटा कारभार!

पण त्याच कुपीत बहुधा आणखी एक लस असते, लेप्टोस्पायरोसिसची, आणि तिचं संरक्षण जेमतेम वर्षभर पुरतं. वसईच्या पट्ट्यात ही लस टाळू नये. लेप्टोचा जिवाणू उंदराच्या लघवीतून बाहेर पडतो आणि साचलेल्या पाण्यात, चिखलात जिवंत राहतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये दिवसेंदिवस पाणी उतरत नव्हतं, ते इथे कुणाला सांगायला नको. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत लेप्टोने जे थैमान घातलं तेही आठवत असेल. कुत्रा तेच पाणी तुडवतो, पितो, आणि लागण झाली तर त्याच्याही लघवीतून जिवाणू बाहेर पडतो, आपल्याच अंगणात. म्हणजे ही लस कुत्र्यापुरती नाही, ओटा धुणाऱ्या बाईसाठीही आहे.

रेबीजचं तर विचारायलाच नको. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्याकडून येतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ. कुत्र्याला द्यायची लस काही शे रुपयांची. शेजारच्या गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेने गावोगाव जाळी घेऊन फिरत कुत्र्यांना टोचलं, दर १० पैकी ७ कुत्रे लसवंत करण्याचं लक्ष्य ठेवून. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने यश जाहीर केलं तेव्हा सलग ३ वर्षं तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू झालेला नव्हता.

मांजरांचा मामला वेगळा. मांजर दुखणं दाखवत नाही. रानातल्या एकट्या शिकाऱ्याची ही सवय घरातल्या गादीवरही सुटलेली नाही. म्हाताऱ्या मांजरांना मूत्रपिंडाचा आजार फार. दोन-तृतीयांशाहून जास्त मूत्रपिंड निकामी झाल्यावरच बाहेरून काही दिसू लागतं: पाणी जास्त पिणं, वजन उतरणं. ५ किलोच्या मांजराचं वजन अर्धा किलोने घटलं तर डोळ्यांना कळतही नाही, पण ते शरीराच्या १० टक्के झालं. हे तपासायला दवाखानासुद्धा नको. मांजराला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने राहा, वजाबाकी करा, कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. ती पचवायला लागणारं यकृतातलं विकर मांजरात फारच तोकडं असतं. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

सरकारी दवाखाना स्वस्त असतो, मग तिथे का नाही? जावं की, रेबीजच्या लशीसाठी जरूर विचारावं. पण आपली पशुवैद्यकीय यंत्रणा उभी राहिली ती बैल, म्हैस आणि घोड्यासाठी. बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे होत, त्या काळातली तिची घडण. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, तरी गावच्या दवाखान्याचा भर अजून दुभत्या जनावरांवर आहे, आणि ते चूकही नाही. कमी खर्चात सोनोग्राफी, शस्त्रक्रिया हवी तर आजही लोक परळ गाठतात. १८८६ मध्ये सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय मिळून लोकांसाठी ‘परळचं जनावरांचं हॉस्पिटल’. राजोडीहून तिथे जायचं म्हणजे सबंध दिवस मोडला. दवाखान्याच्या उपचारांवर जीएसटी नाही, एवढाच सरकारचा दिलासा. विमा मिळतो, पण वार्षिक तपासणी आणि लस सहसा त्यात बसत नाही.

तेव्हा पैसे मोजकेच असतील तर माझं मत असं: आधी रेबीज, मग लेप्टोसह एकत्रित लस, मग गोचिडांचं औषध आणि एक सीबीसी. जंताची गोळी वजनावर ठरते, त्यामुळे वजन झाल्याशिवाय घेऊ नका. शाम्पू, परफ्यूम, केस विंचरण्याचं पॅकेज या गोष्टी राहिल्या तर कुत्र्याचं काही बिघडत नाही. आळीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक टेम्पो केला, किंवा डॉक्टरांनाच एका रविवारी गावात बोलावलं, तर रिक्षाचा खर्च विभागला जातो. लशी बर्फात नीट आणल्यात ना, एवढं बघून घ्या. लेप्टोची लस पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि अंगात संरक्षण तयार व्हायलाही वेळ जातो. पाऊस जूनमध्ये येतो. पहिला डोस एप्रिलअखेर टोचून घ्या.