पदामागचे बुवा

संगीत नाटकाचा इतिहास आपण नटांच्या नावांनी सांगतो. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व, दीनानाथ, छोटा गंधर्व. या प्रत्येक नावामागे पेटी पुढ्यात ओढून बसलेला कुणीतरी असे. कंपनीत त्याला बुवा म्हणत, नाहीतर मास्तर. पदाला चाल तो लावी, नटाकडून ते पद घोटून घेई आणि प्रयोगाच्या रात्री विंगेत कान देऊन उभाही राही. १८८० पासूनचा काळ या माणसाच्या बाजूने पाहिला, तर संगीत रंगभूमीच्या चढउताराची कारणं जरा वेगळी दिसतात.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’. पदं भरपूर, पण चाली बहुतेक ओळखीच्या: साकी, दिंडी, कामदा, लावणीची वळणं, कानडी मुलखातल्या चाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, ही पहिली अट. भाऊराव ती सहज पुरी करत. त्या काळी कंपन्या गळा घडवण्यापेक्षा तयार गळा शोधून आणत. मुलगा सुरेल निघाला की त्याला स्त्रीभूमिका मिळे, आणि वयात येताना आवाज फुटला की त्याची किंमत उतरे.

भास्करबुवा बखल्यांच्या वाट्याला नेमकं हेच आलं. लहानपणी त्यांनी किर्लोस्कर मंडळीच्या ‘रामराज्यवियोग’मध्ये कैकेयीचं काम केलं, पुढे आवाज फुटला आणि रंगमंच सुटला. मग फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन वेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडे त्यांनी तालीम घेतली. नाटकात ते परतले ते शिकवणारे म्हणून. १९११ साली ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या, ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली आणून पदांचा साज बदलला होताच. १९१६ साली ‘स्वयंवर’ला भास्करबुवांनी चाली दिल्या आणि ख्यालाच्या बंदिशी थेट नाट्यपदात उतरल्या.

हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. ख्याल गाणाऱ्याला वेळेची मुभा असते. नटाला शब्द स्पष्ट लावायचा असतो, समोरच्या पात्राकडे पाहायचं असतं, ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीसारख्या पात्राचा तोल सांभाळायचा असतो आणि एवढं करून समेवर यायचं असतं. पदाआधीचं वाक्य संपता संपता ऑर्गन सूर भरतो. नटाने ते वाक्य वरच्या पट्टीत संपवलं असेल, तर पदाचा पहिला स्वर त्याला खालून उचलावा लागतो आणि तिथेच रंग जातो. म्हणून चांगला बुवा पदाच्या आधीच्या दोन वाक्यांपासून तालीम सुरू करतो. श्वास कुठे घ्यायचा, कोणती जागा टाळ्यांसाठी ठेवायची आणि कोणती सोडून द्यायची, हे तो नटाचा दम बघून ठरवतो. बालगंधर्वांचं गाणं रुक्मिणीच्या बोलण्यातूनच उमलल्यासारखं वाटे, त्यामागे अशी तालीम होती.

हे शिकवणं शक्य होतं, कारण बुवा कंपनीतलेच होते. एकाच बिऱ्हाडात मुक्काम, एकाच पंगतीत जेवण, सकाळी रियाज, रात्री प्रयोग. भास्करबुवा १९२२ साली गेले, तरी त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीत होते. तिकडे दीनानाथ मंगेशकरांना वझेबुवांची तालीम मिळाली. ‘रणदुंदुभि’च्या चालीही वझेबुवांच्याच.

मग बोलपट आला. त्याने संगीत नाटकाचे प्रेक्षक पळवले, हे आपण नेहमी म्हणतो. त्याने मास्तरही पळवले, हे फारसं बोललं जात नाही. गोविंदराव टेंबे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त संगीतकार आणि नायक, दोन्ही झाले. केशवराव भोळे ‘प्रभात’मध्ये गेले, मास्टर कृष्णरावही गेले. रंगभूमीवर १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने आटोपशीर भावपदांची वाट दाखवली, ‘कुलवधू’त ज्योत्स्ना भोळ्यांनी ती रुळवली. पण बिऱ्हाड मोडलेल्या कंपन्यांत बुवांची बैठक पुन्हा बसली नाही.

स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्या तशी एक नवी अडचणही आली. पुरुषाची पट्टी काळी एकच्या आसपास, बाईची काळी चार-पाच. दोघांचं युगुलगीत कुणाच्या सुरात बसवायचं? एकाचा मध्यम दुसऱ्याचा षड्ज धरायचा, की ओळी वाटून द्यायच्या? पेटीवर बसलेल्या माणसाशिवाय हा गुंता कोण सोडवणार?

साठच्या दशकात तो माणूस पुन्हा सापडला. मंगेशीत जन्मलेल्या जितेंद्र अभिषेकींनी १९६४ साली धि गोवा हिंदु असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’ला संगीत दिलं. पदं मोजकी, चाली आटोपशीर. रामदास कामतांचा टणक, चढा गळा आणि आशालता वाबगावकरांचा मृदू आवाज, या दोघांना एकाच मापाचे कपडे त्यांनी शिवले नाहीत. पुढे ‘ययाति आणि देवयानी’ आणि २४ डिसेंबर १९६७ रोजी ‘कट्यार काळजात घुसली’. ‘कट्यार’मध्ये एकच पद पंडितजींच्या तोंडी सालगवराळीत ठेहरावाने येतं आणि खाँसाहेबांच्या तोंडी धानीत आक्रमक होतं. दोन घराण्यांचं वैर संवादांआधी कानाला कळतं. खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांचा गळा समोर नसता, तर ती दुसरी चाल तशी झालीच नसती.

पुण्यात जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ काढली आणि घरालाच तालमीची जागा केलं. त्याच तालमीत वाढलेल्या कीर्ती शिलेदार जानेवारी २०२२ मध्ये गेल्या. त्याच महिन्यात रामदास कामतही गेले. एका पिढीचं तोंडी ज्ञान दोन आठवड्यांत कमी झालं.

आज काय आहे? राज्य संगीत नाट्य स्पर्धा आहे, गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धा आहेत. राहुल देशपांड्यांनी ‘कट्यार’ पुन्हा उभं केलं. त्यावरच्या २०१५ च्या चित्रपटातल्या गाण्यासाठी महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘संगीत देवबाभळी’ने तरुण प्रेक्षक थिएटरात आणला. सुट्टी लागली की नाट्यसंगीताच्या कार्यशाळांच्या जाहिरातीही येतात, आणि त्या भरतात.

मात्र या कार्यशाळांत बहुतेक वेळा शिकवलं जातं ते ध्वनिमुद्रिकेवरचं पद. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून तिथे पद आक्रसलेलं आहे. नाटकात तेच पद वन्समोअर घेत कितीतरी लांबे. विद्यार्थी तबकडीतली हरकत न् हरकत उचलतो, पण ती तिथे का आली, समोर पात्र कोण होतं, हे त्याला कुणी सांगत नाही. त्यातून मैफलीत नाट्यगीत म्हणणारे चांगले गायक तयार होतात, गाणारे नट क्वचित. शिवाय गाणं ट्रॅकवर गायचं ठरलं की लांबी आधीच बांधलेली असते. प्रेक्षक कितीही ओरडले तरी ट्रॅक वन्समोअर देत नाही.

यावर उपाय जुना आहे आणि खर्चिकही. नव्या संगीत नाटकाच्या निर्मात्याने नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या अंदाजपत्रकात आणखी एक ओळ घालावी: गायनाची तालीम, पहिल्या वाचनापासून पंचविसाव्या प्रयोगापर्यंत. संगीतकार चाल देऊन दुसऱ्या कामाला लागत असेल, तर ती जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे सोपवावी आणि त्याचं नाव जाहिरातीत छापावं. कार्यशाळा घेणाऱ्यांनीही पदाबरोबर त्याचा प्रवेश शिकवावा. दहा पदांऐवजी एकच झालं तरी चालेल, पण ते आधीच्या संवादासकट, ऑर्गन आणि तबल्यासह, समोर पात्र उभं करून बसवावं.