चिलखत जुळवताना: कडी, रिव्हेट आणि डगला

पत्रिकेत आजचा विषय 'मध्ययुगीन चिलखताची प्रतिकृती' असा छापलाय. त्यामुळे काहींच्या डोळ्यांसमोर युरोपातला, डोक्यापासून पायापर्यंत पत्र्यात बंद केलेला सरदार आला असेल. तो आज नाही. आपण बोलणार आहोत ते इथल्या, दख्खनच्या चिलखताबद्दल. आणि त्यातही ते आज पुण्यात बसून नव्यानं जुळवायचं झालं तर काय काय करावं लागतं, याबद्दल.

सुरुवात एका शब्दापासून करू. जिरेटोप. यातलं 'जिरे' म्हणजे फोडणीतलं जिरं नव्हे. फारसीत 'झिरिह' म्हणजे कड्यांचं विणलेलं कवच. मूळ अर्थानं जिरेटोप म्हणजे लोखंडी टोप आणि त्याला मानेवर, कानांवर लोंबणारी कड्यांची झालर. आज आपण जिरेटोप म्हणून मिरवणुकीत जो मोत्यांचा तुरा लावलेला कापडी टोप घालतो, त्यात 'जिरे' कुठेच नाही. शब्द राहिला, लोखंड गेलं. जिरेबख्तर या शब्दातही तेच 'जिरे' आहे.

आता संपूर्ण संचात काय काय येतं? सगळ्यात आत कापूस भरलेला, गोधडीसारखे टाके घातलेला डगला. त्यावर कड्यांचा अंगरखा. त्यावर हवा असेल तर चारआईना, म्हणजे चार पोलादी पाट्या: एक छातीवर, एक पाठीवर आणि दोन कुशींवर. कुशीच्या पाट्यांना वरच्या बाजूला अर्धगोल खाच असते, नाहीतर हात खाली येणार नाही. मनगटापासून कोपरापर्यंत दस्ताने. आणि टोप. दख्खनमध्ये आणखी एक प्रकार होता. त्यात छातीवर मोठ्या पाट्या, पोटावर आणि बाजूंना लहान पट्ट्या, आणि त्या सगळ्या कड्यांनीच एकमेकींना जोडलेल्या. विजापूरकरांच्या आदोनीच्या किल्ल्यातून सतराव्या शतकाच्या शेवटी बिकानेरच्या अनूपसिंहांकडे जी चिलखतं गेली, त्यांत हा प्रकार दिसतो. प्रतिकृती करणाऱ्यानं पुस्तकातल्या चित्रांपेक्षा असे नमुने पाहावेत. आपल्याकडे बाजीराव रस्त्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहेच. तिथे शस्त्रांपाशी घाई करू नका. काचेला नाक लावून एकेक कडी पाहा.

कडीत काय पाहायचं? तिचं तोंड कसं मिटवलंय ते. माझ्या मते सगळा विषय इथेच आहे.

वीण सोपी आहे. एका कडीत चार कड्या. दोन वरच्या ओळीतल्या, दोन खालच्या. हे एका संध्याकाळी शिकून होतं. मात्र या विणीला आडवं-उभं असतं. बरोबर धरली तर वजनानं ती खाली लोंबते, मिटते आणि श्वास घेतला की आडवी ताणते. नव्वद अंशांनी फिरवली तर उघडी पडते, अंगाबरोबर हलत नाही. तयार तुकडे आणून जोडणाऱ्यांनी हे आधी तपासायचं, कारण बाही लावून झाल्यावर उसवणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

पण कडी मिटवायची कशी? एक मार्ग म्हणजे टोकाला टोक आणून पक्कडीनं दाबायचं. दुसरा म्हणजे टोकं एकमेकांवर चढवायची, ठोकून चपटी करायची, पंचानं भोक पाडायचं, त्यात इवलासा रिव्हेट घालायचा आणि दाबायचा. पहिली कडी दोन पक्कडींनी ओढली तर उघडते. दुसरी ओढली तर आधी लांबट होते आणि पुष्कळ जोर लावल्यावर मग तुटते.

आता प्रतापगड आठवा. 10 नोव्हेंबर 1659. महाराजांच्या अंगावर जरीची कुडती होती आणि तिच्या आत चिलखत, असं सांगतात. खानानं कुशीत कट्यार चालवली ती चिलखतावर घासून गेली. आता कारागिराच्या नजरेनं बघा. भेटीला जाताना घातलेलं चिलखत, म्हणजे ते कुडतीखाली दिसता कामा नये. म्हणून पाट्या नाहीत, चारआईना नाही. बारीक कड्यांचं, अंगालगत बसणारं असलं पाहिजे. आणि वार मिठीतला, म्हणजे धारेचा नाही, टोकाचा. कट्यारीचं टोक कडीत शिरतं आणि पाचरीसारखं तिला आतून फाकवतं. नुसती दाबून मिटवलेली कडी तिथे उघडली असती. हा माझा तर्क आहे, बखरीत रिव्हेटचा उल्लेख नाही. पण आज रंगमंचावर या प्रसंगात कुडतीवरून भलंमोठं चकचकीत बख्तर घालून उभं करतात, तेव्हा त्या प्रसंगातली हुशारीच निघून जाते असं मला वाटतं.

एक सावधगिरी. 'रिव्हेट नाही म्हणजे खोटं' असा नियमही करू नका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले कितीतरी अस्सल अंगरखे नुसत्या मिटवलेल्या कड्यांचे आहेत, लोखंड आणि पितळ मिळून चौकटींची नक्षी केलेले. फार देखणे असतात. तोवर बंदुकीपुढे चिलखताचं काम बरंचसं मिरवण्याचं उरलं होतं. म्हणजे कडीचं तोंड आपल्याला 'खरं की खोटं' यापेक्षा 'लढायला की मिरवायला' हे जास्त सांगतं.

आता हिशोब. तो केल्याशिवाय बोहरी आळीत तार घ्यायला जाऊ नये! 1.6 मिलिमीटर जाडीची लोखंडी तार आणि आतून 8 मिलिमीटरची कडी घेतली, तर एका कडीचं वजन साधारण 0.48 ग्रॅम. अंगरख्याला 20 हजार कड्या धरा. झाले साडेनऊ किलो. तार 1.2 मिलिमीटरची केली की तेवढ्याच कड्या पाच किलोच्या आसपास येतात. म्हणजे जाडी पावानं कमी केली आणि वजन जवळजवळ निम्मं झालं. रिव्हेटसाठी टोकं एकमेकांवर येतात, त्याचं थोडं वजन वर धरा. आणि वेळ? रिव्हेटच्या कडीला एकच मिनिट धरलं तरी 20 हजार मिनिटं. रोज सहा तास बसलात तर छप्पन्न दिवस. म्हणून जुन्या काळी कितीतरी ठिकाणी एक ओळ पत्र्यातून पाडलेल्या सलग कड्यांची आणि एक ओळ रिव्हेटची अशी वीण करत. निम्मं काम वाचतं.

तार मऊ लागते. कडक असेल तर लालभडक तापवून सावकाश गार होऊ द्यायची. मात्र जीआय तार तापवू नका. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. साधी काळी तार घ्या.

टोपासाठी तुम्हाला कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन बसावं लागेल, निदान बघायला. उगाच नाही आपण स्वयंपाकाच्या भांड्यालाही टोप म्हणत! सपाट पत्र्यातून गोलाई काढायची, ठोकून ठोकून कडक झाला की तापवायचा, पुन्हा ठोकायचा, वरून मठारायचं. पद्धत तीच. फरक इतकाच की तांबं ऐकतं, लोखंड लवकर ऐकत नाही. तयार माल हवा असेल तर देहराडूनला विंडलास ही कंपनी 1943 पासून या धंद्यात आहे. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक जी 'त्यांच्या' सरदारांची चिलखतं घालतात, त्यांतली कितीतरी भारतात बनलेली असतात. दख्खनी घाट मात्र असा तयार सहज मिळत नाही, तो करूनच घ्यावा लागतो.

जुळवणीचा क्रम लक्षात ठेवा. डगला आधी शिवायचा, आणि माप डगल्यावरून घ्यायचं, उघड्या अंगावरून नाही. डगल्याशिवाय चिलखत म्हणजे अर्धंच काम. कड्या धार अडवतात, पण दणका कापूस झेलतो. चारआईन्याचे पट्टे खांद्यावर आधी सैल बांधा, कुशीचे आवळा, मग खांद्याचे. आणि शेवटी कमरेला शेला घट्ट गुंडाळा. तो नुसता शोभेचा नाही. शेल्याच्या वर थोडा अंगरखा ओढून घेतला की खांद्यावरचं बरंच वजन कमरेवर उतरतं. शेला काढून दहा मिनिटं उभे राहा, मग कळेल.

आता जरा नाजूक मुद्दा. नवं चिलखत मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये ठेवून गंज चढवतात आणि जुन्या बाजारासारख्या ठिकाणी 'पेशवेकालीन' म्हणून विकतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला 1972 चा पुरावशेष कायदा लागतो, ती परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा 'जुनं आहे' हे म्हणणं साधं नाही. त्याहून मोठं नुकसान असं की पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक अशा नगावरून निष्कर्ष काढेल. म्हणून माझा आग्रह आहे, प्रत्येक पाटीच्या आतल्या बाजूला आकड्यांच्या पंचानं साल ठोका. कड्यांच्या अंगरख्यात गळ्यापाशी साल कोरलेली एक चपटी पट्टी रिव्हेटनं बसवा. नुसती खूण म्हणून पितळी कडी चालणार नाही, पितळी कड्या जुन्यातही असतात.

प्रश्न घेऊ या.

(श्रोत्यांमधून: मुलाला शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी करायचंय. सगळं रिव्हेटचंच करायला हवं का?)

मुळीच नाही. मिरवणुकीला ॲल्युमिनियमची तार घ्या, नुसती मिटवलेली कडी चालेल. 1.6 मिलिमीटरच्याच तारेच्या, त्याच मापाच्या दहा हजार कड्या दीड किलोच्या थोड्या वर जातील, मूल तीन तास चालू शकेल. आत सुती डगला घाला, नाहीतर ॲल्युमिनियमचा काळा डाग सदऱ्याला लागतो. आणि त्यातल्या दहा-बारा कड्या त्याच्याकडूनच विणून घ्या. साल मात्र ठोका.