चार फाशी, एक्केचाळीस सुटका

४ जणांना फाशी, एकाला फटके, १४ जणांची ऑस्ट्रेलियाला रवानगी, आणखी १४ जणांना कॅलिफोर्निया सोडण्याचं फर्मान, १५ जण सरकारच्या हवाली आणि ४१ जणांची सुटका. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षता समितीचा १८५१ सालचा हा ताळेबंद. ताळेबंदच म्हणायला हवं, कारण समिती व्यापाऱ्यांची होती आणि तिचं दप्तर पेढीच्या दप्तरासारखंच चोख होतं. धरलेल्यांपैकी जवळपास निम्मे सुटले, म्हणजे ही समिती म्हणजे नुसता पिसाळलेला जमाव नव्हता. पण मग ती होती तरी काय?

सोनं सापडलं तेव्हा, १८४८ च्या सुरुवातीला, गावात हजारभरही माणसं नव्हती. १८५१ पर्यंत ती ३० हजारांच्या आसपास गेली. डिसेंबर १८४९ पासून दीड वर्षात सहा मोठ्या आगी लागल्या. ऑस्ट्रेलियातून आलेले गुन्हेगार लुटीसाठी आगी लावतात, असा सरसकट संशय होता. कोर्टं होती, पण शहरातली पहिली कायदेशीर फाशी डिसेंबर १८५२ मधली, म्हणजे समितीच्या चारही फाशी उरकल्यानंतरची. ‘कायदाच नव्हता, म्हणून लोकांनी हातात घेतला’ ही कहाणी इथूनच निघते.

ती पुरती खरी नाही. समिती ९ जूनला उभी राहिली. १० तारखेच्या संध्याकाळी जॉन जेनकिन्स धक्क्यावरच्या एका कचेरीतली तिजोरी उचलून होडीतून पळताना सापडला आणि रात्री दोनच्या सुमाराला मुख्य चौकात लटकला. अटक, खटला, शिक्षा, सगळं काही तासांत. यातली खोच अशी की, मोठ्या चोरीला फाशी देण्याची मुभा त्याच वर्षी राज्याच्या कायद्याने ज्यूरीला दिली होती. कायदा पुरेसा कडक होता. लोकांना धीर नव्हता.

तरी कोर्टाची बाजू घेताना टॉमस बर्ड्यूला विसरून चालत नाही. फेब्रुवारी १८५१ मध्ये जान्सन नावाच्या व्यापाऱ्याला त्याच्याच दुकानात डोकं फोडून लुटलं गेलं. जेम्स स्टुअर्ट नावाचा कुख्यात गुन्हेगार समजून बर्ड्यूला धरलं. जमावाने स्वतःची ज्यूरी बसवली. नऊ जण दोषी म्हणाले, तिघे अडून बसले, म्हणून तो त्या दिवशी वाचला. पुढे रीतसर कोर्टाने त्याला लुटीबद्दल दोषी ठरवलं आणि मेरीसव्हिलच्या कोर्टाने तर स्टुअर्टने केलेल्या खुनाबद्दल फाशीच सुनावली. जुलैमध्ये खरा स्टुअर्ट समितीच्या हाती लागला, तेव्हा कुठे बर्ड्यू सुटला. कोर्टाने निरपराध माणसाला दोषी ठरवलं आणि बेकायदा समितीने सोडवलं. समितीचे समर्थक हे उदाहरण आजही पुढे करतात, आणि ते करणारच. पण बर्ड्यूचा जीव आधी वाचवला तो जमावातल्या तीन संशयी माणसांनी, हे मात्र कुणी सांगत नाही.

१८५६ मध्ये समिती पुन्हा उभी राहिली, त्या वेळची गोष्ट वेगळी. १४ मे रोजी नगरपालिकेचा सभासद जेम्स केसी याने संपादक जेम्स किंग यांच्यावर गोळी झाडली. केसीने न्यूयॉर्कला तुरुंगवास भोगल्याचं किंग यांनी छापलं होतं. किंग २० तारखेला गेले. २२ ला केसी आणि आधीच्या एका खुनातला आरोपी चार्ल्स कोरा, दोघे फासावर. जुलैमध्ये आणखी दोन. आता समितीचे सभासद सहा हजारांवर होते, मुख्यालयाभोवती वाळूच्या पोत्यांची तटबंदी होती, आदेशांवर सही ‘३३, सचिव’ अशी असे. बनावट तळाची एक मतपेटी जप्त करून तिचा गाजावाजा केला गेला. खुनापेक्षा ही पेटी मला जास्त बोलकी वाटते. कारण समितीने हद्दपार केलेल्यांत बरेचसे डेव्हिड ब्रॉडरिक या पुढाऱ्याच्या डेमोक्रॅटिक गटाचे निवडणूक-गुंड होते, आणि त्या गटाचा मतदार मुख्यतः आयरिश कॅथलिक.

अमेरिकेत १७६७ ते १९१० या काळात अशा किमान ३२६ समित्या झाल्या, त्यांनी ७२९ जीव घेतले, असं इतिहासकार रिचर्ड मॅक्सवेल ब्राउन यांनी मोजलं. यात सभासदसंख्येने सगळ्यात मोठी १८५६ ची ही सॅन फ्रान्सिस्कोची समिती. बळी फक्त चार. पण तिच्यातून निघालेल्या पीपल्स पार्टीने पुढची दहा वर्षं शहर चालवलं. शहराचा खर्च १८५५ मध्ये २५ लाख डॉलरच्या वर होता, तो १८५७ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास आला. करदात्या व्यापाऱ्यांना याहून काय हवं होतं?

या बचतीचं श्रेय समितीला देण्याची प्रथा आहे. पण शहर आणि काउंटी एक करून खर्चाला कात्री लावणारा कायदा विधिमंडळाने एप्रिल १८५६ मध्येच मंजूर केला होता. किंग यांच्यावर गोळी झाडली गेली ती त्यानंतर.