कपाशीच्या बियाण्यात परके जनुक कसे पोहोचले?

कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरील 'बीटी' ही दोन अक्षरे आता खेडोपाडी सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. परंतु त्यांचा अर्थ विचारला असता निरनिराळी उत्तरे ऐकावयास मिळतात. बियाण्यास कसले तरी औषध चोळलेले असते, असे कित्येकांस वाटते. काही शेतकरी हे बियाणे सर्व किडींपासून पिकाचे रक्षण करते असे समजून चालतात, तर घरची सरकी राखून पुढील वर्षी पेरण्यास कोणती हरकत, असाही प्रश्न विचारला जातो. या तिन्ही समजुतींमुळे शेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान होते. यास्तव बियाण्यात नेमके काय घातले गेले, ते कोणत्या साधनांनी घातले आणि त्याचे काम कोठे संपते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

'बीटी' हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जमिनीत राहणाऱ्या जिवाणूचे संक्षिप्त नाव होय. जपानमध्ये इशिवाता यांना 1901 साली हा जिवाणू रोगट रेशीम किड्यांत आढळला. पुढे 1911 साली बर्लिनर या जर्मन शास्त्रज्ञास थुरिंगिया प्रांतातून आलेल्या, पिठातील पतंगाच्या अळ्यांत तो सापडला व त्या प्रांतावरून त्यास नाव मिळाले. या जिवाणूच्या शरीरात एका प्रथिनाचे स्फटिक तयार होतात. विशिष्ट जातींच्या अळ्यांनी ते खाल्ले म्हणजे त्यांच्या विम्लधर्मी आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या भिंतीस छिद्रे पडतात, अळी खाणे सोडते व मरते. हे प्रथिन कसे तयार करावयाचे, याचा आदेश जिवाणूच्या जनुकात लिहिलेला असतो. तोच आदेश कपाशीच्या पेशीत नेऊन बसविला, तर कपाशीचे झाड स्वतःच ते प्रथिन तयार करील, हा या सर्व खटाटोपामागील विचार होता.

कातरणारी व सांधणारी विकरे

जनुक हा डीएनए या लांब, दुपदरी धाग्याचा एक तुकडा असतो. या धाग्यावरील मजकूर अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला आहे : ए, टी, जी व सी. एका पदरावर ए असेल तेथे समोरच्या पदरावर टी असते. जी असेल तेथे सी असते. हा धागा इतका सूक्ष्म आहे की कोणत्याही पोलादी पात्याने तो हव्या त्या ठिकाणी कापणे अशक्य आहे. ते काम विकरे करतात. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. धान्यास मोड आले म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होते, ती विकरांमुळेच.

डीएनए कातरणारी विकरे मनुष्याने निर्माण केलेली नाहीत; ती जिवाणूंचीच शस्त्रे आहेत. जिवाणूंवरही विषाणूंचा हल्ला होतो. आत शिरलेल्या विषाणूचा डीएनए ठरावीक अक्षरे पाहून तोडून टाकावयाचा आणि स्वतःच्या डीएनएवर मात्र त्याच ठिकाणी रासायनिक खूण करून तो सुरक्षित ठेवावयाचा, अशी त्यांची रीत आहे. जागल्याने गावचा माणूस ओळखावा व परक्यास अडवावे, तसाच हा प्रकार आहे. या छेदक विकरांच्या शोधाबद्दल वर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ व डॅनियल नाथन्स यांना 1978 साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

इको-आर-वन हे यांपैकी एक प्रसिद्ध विकर होय. जी-ए-ए-टी-टी-सी अशी सहा अक्षरे ओळीने दिसली की ते पहिल्या जी व ए यांच्यामध्ये छेद घेते. समोरच्या पदरावर हीच अक्षरे उलट्या दिशेने वाचावयास मिळतात. 'चिमा काय कामाची' हे वाक्य दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. डीएनएमधील हा खेळ त्याच जातीचा आहे. म्हणूनच विकर दोन्ही पदरांवर छेद घेते, पण एकाच रेषेत नव्हे, तर चार अक्षरांच्या अंतराने. परिणामी प्रत्येक टोकाशी एका पदराची चार अक्षरे मोकळी राहतात. खाच पाडलेल्या दोन लाकडांप्रमाणे ही टोके एकमेकांत बरोबर बसतात. डीएनए बेडकाचा असो, कपाशीचा असो वा जिवाणूचा, एकाच विकराने कातरलेली टोके एकमेकांस जुळतात. सारे तंत्र या एका गोष्टीवर उभे आहे.

टोके जुळली तरी सांधा कच्चाच असतो. तो पक्का करण्याचे काम लायगेज हे दुसरे विकर करते. पेशीतील तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करणे हे त्याचे मूळचे काम; 1967 साली ते शास्त्रज्ञांच्या हाती आले.

वाहक म्हणजे काय?

कातरलेले जनुक तसेच पेशीत सोडले तर ते बहुधा नष्ट होते. त्यास टिकून राहण्यासाठी व वाढण्यासाठी वाहन लागते, त्यासच वाहक म्हणतात. जिवाणूंच्या पेशीत मुख्य डीएनएखेरीज डीएनएची लहान वर्तुळे असतात. त्यांना प्लाझमिड हे नाव आहे. पेशी वाढली की ही वर्तुळेही आपल्या प्रती काढतात. 1973 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर आणि त्यांचे सहकारी यांनी प्लाझमिड इको-आर-वनने उघडले, त्यात परका तुकडा लायगेजने सांधला व ते वर्तुळ जिवाणूत परत सोडले. जिवाणू वाढले तसतसा तो तुकडाही वाढत गेला. अनुकूल स्थितीत असे जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. तेव्हा एका रात्रीत किती प्रती मिळत असतील, याची कल्पना करता येईल.

चांगल्या वाहकास स्वतःची प्रत काढण्याचे आरंभस्थान हवे, छेदक विकरास तो नेमका एकाच ठिकाणी कापता यावा आणि तो कोणत्या पेशीत शिरला हे कळण्यासाठी त्यावर खूण हवी. खूण म्हणून बहुधा प्रतिजैविकास दाद न देणारे एखादे जनुक वापरतात. प्रतिजैविक घातलेल्या खाद्यावर वाहक न शिरलेल्या पेशी मरतात व शिरलेल्या तेवढ्या जगतात. तण मारून पीक राखावे, तशीच ही निवड आहे.

वनस्पतीत जनुक नेण्यासाठी मात्र शास्त्रज्ञांना वेगळे वाहन शोधावे लागले, आणि ते एका रोगजंतूजवळ तयारच होते. गुलाब, द्राक्ष, पीच, सफरचंद इत्यादी झाडांच्या बुंध्याशी जमिनीलगत गाठी येतात. हा रोग ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमुळे होतो, हे 1907 साली अमेरिकेत सिद्ध झाले. झाडास जखम झाली की तिच्यातून काही द्रव्ये पाझरतात. त्यांचा सुगावा लागताच हा जिवाणू आपल्या एका मोठ्या प्लाझमिडचा ठरावीक भाग तोडून झाडाच्या पेशीत पाठवितो. तो भाग झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. मग पेशी बेसुमार वाढून गाठ होते व ती गाठ जिवाणूसच उपयोगी पडणारे अन्न तयार करू लागते. दुसऱ्याच्या शेतात चोरून आपले पीक घेण्याचा हा प्रकार निसर्गात फार पूर्वीपासून चालू होता! बेल्जियममधील घेंट येथील शास्त्रज्ञांनी 1974 साली हे प्लाझमिड शोधून काढले, आणि त्याचा तुकडा खरोखरच झाडाच्या डीएनएत जातो, हे 1977 साली अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

पाठवावयाचा भाग जिवाणू कसा ओळखतो? त्या भागाच्या दोन्ही कडांना सुमारे पंचवीस अक्षरांची हद्दीची खूण असते. शेताच्या धुऱ्यावरील दगडांप्रमाणे या दोन खुणांमधील मजकूर तेवढा उचलला जातो. मजकूर कोणता, याची जिवाणू चौकशी करीत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी धुरे कायम ठेवून आतील गाठ निर्माण करणारी जनुके काढून टाकली व त्यांच्या जागी हवे ते जनुक बसविले. 1983 साली या मार्गाने परके जनुक असलेली पहिली झाडे तयार झाली.

कपाशीत नेलेले बीटीचे जनुक जिवाणूतून उचलून जसेच्या तसे वापरले गेले नाही. वनस्पतीस ते नीट वाचता यावे म्हणून त्याची अक्षरे बदलून ते नव्याने लिहिण्यात आले आणि ते सतत चालू राहावे म्हणून फुलकोबीवरील एका विषाणूचा डीएनए त्याच्यापुढे जोडण्यात आला. अमेरिकेतील कोकर-312 या वाणाच्या ऊतीत ॲग्रोबॅक्टेरियमकरवी ते नेण्यात आले. त्या कपाशीशी संकर करून तयार केलेल्या, जालना येथील महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना मार्च 2002 मध्ये भारतात मान्यता मिळाली. 2006 साली दोन जनुकांची कपाशी आली. तिच्यातील दुसरे जनुक वाहकातून छेदक विकराने वेगळे करून सूक्ष्म धातुकणांच्या माऱ्याने पेशीत घालण्यात आले होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ

डोळा बांधलेल्या कलमात मूळ झाड वेगळे व वरील फांदी वेगळी राहते. येथे तसे नाही. जनुक झाडाच्या प्रत्येक पेशीत असते व परागातून, बीजातून पुढे जाते. मात्र ते सर्व बीजांत सारखे जात नाही. आपल्याकडील बीटी कपाशी संकरित आहे. एक जनुक एका पालकाकडूनच आलेले असेल, तर त्या झाडाच्या बोंडातील चार सरक्यांपैकी सरासरी तिनांत ते असते व एकीत नसते. जनुके दोन असली तर सोळांपैकी नऊ सरक्यांत दोन्ही, सहांत कोणते तरी एक व एकीत एकही नसते. यावरून घरची सरकी पेरली असता संकराचा जोम तर जातोच, शिवाय शेतात संरक्षित व असंरक्षित झाडांची मिसळ होते, हे ध्यानी येईल.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक घातक ठरली. ही अळी बोंडात शिरून सरकीवर जगते. एकाच बोंडात काही सरक्या विषारी व काही बिनविषारी मिळाल्याने विष सोसणाऱ्या अळ्यांची निवड होण्यास वाव मिळतो. त्यातच पेरणीनंतर सुमारे 110 दिवसांनी पहिल्या जनुकाच्या प्रथिनाचे झाडातील प्रमाण घटते, आणि ही अळी नेमकी हंगामाच्या उत्तरार्धातच वाढते. आश्रय ओळींसाठी पाकिटासोबत दिले जाणारे बिगर-बीटी बियाणेही बहुतेक ठिकाणी पेरले गेले नाही. त्या ओळींवर साध्या अळ्या जगून त्यांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा, हा त्यामागील हेतू वाया गेला. एका जनुकास न जुमानणारी अळी प्रथम गुजरातमध्ये आढळल्याचे 2010 साली जाहीर झाले, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांच्या कपाशीचेही या अळीने मोठे नुकसान केले.

यास्तव बीटी बियाणे पेरले म्हणून निरीक्षण सोडता येत नाही. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर पीक काढून घ्यावे, फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्या बांधावर वा घराशेजारी रचून ठेवू नयेत, कारण अळी त्यांतच सुप्तावस्थेत राहते. तुडतुडे, मावा, फुलकिडे व पांढरी माशी यांवर बीटी प्रथिनाचा परिणाम होत नाही. त्यांचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो.

तणनाशक सोसणारी कपाशी म्हणून जे बियाणे चोरून विकले जाते, त्यात बीटीखेरीज आणखी एक जनुक असते. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतील एक आवश्यक विकर बंद पाडते. या जनुकामुळे बंद न पडणारे पर्यायी विकर तयार होते. हे जनुकही ॲग्रोबॅक्टेरियमच्याच एका प्रकारातून घेतलेले आहे. 2019 साली अकोला जिल्ह्यात अशी कपाशी मान्यता नसताना उघडपणे पेरण्यात आली. कायद्याचा प्रश्न वेगळा ठेवला तरी अशा पाकिटात कोणते जनुक आहे व किती टक्के बियाण्यात आहे, याची हमी कोणीच देत नाही, आणि पावती नसल्याने उगवण फसल्यास भरपाई मागता येत नाही. पान चुरडून त्याच्या रसात पट्टी बुडविण्याची चाचणी उपलब्ध आहे. तिच्यावर उमटणाऱ्या रेघेवरून बीटी प्रथिन आहे किंवा नाही, एवढे शेतातल्या शेतात कळते. शंका असल्यास ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी एकाच झाडाऐवजी शेताच्या निरनिराळ्या भागांतील झाडांची पाने घेऊन ती चाचणी करावी, आणि पाकीट, त्यावरील खूणपट्टी व पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवण्यास शेतकऱ्यांना सांगावे.