पासवर्ड न फोडता पळवलेली खाती

समाजमाध्यमावरचे खाते ‘हॅक झाले’ असे कानावर आले की कोणा निष्णात तंत्रज्ञाने रात्रभर खपून पासवर्ड फोडला असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फोडण्यासारखे काही उरलेलेच नसते, कारण पासवर्ड आधीच दुसरीकडून फुटलेला असतो, खातेदाराने तो आपण होऊन सांगितलेला असतो, किंवा जुना पासवर्ड ठाऊक नसतानाही नवा घालता येण्याची सोय चोराच्या हाती लागलेली असते.

यांपैकी पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण खुद्द फेसबुकच्या संस्थापकाचे आहे. २०१२ मध्ये लिंक्डइनच्या सदस्यांचे पासवर्ड चोरीला गेले आणि चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, त्या चोरीतील कोट्यवधी नोंदी विक्रीला आल्या. पुढच्याच महिन्यात मार्क झुकरबर्ग यांच्या ट्विटर व पिंटरेस्ट खात्यांत काही जण शिरले, आणि लिंक्डइनचा तोच जुना पासवर्ड आपण वापरल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. एका ठिकाणाहून फुटलेल्या ई-मेल व पासवर्डच्या जोड्या यंत्राकरवी इतर अनेक संकेतस्थळांवर लावून पाहणे ही चोरांची नित्याची रीत असल्यामुळे, पासवर्ड किती अवघड आहे यापेक्षा तो अन्यत्र कुठे वापरलेला नाही ना, हे अधिक महत्त्वाचे ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ च्या आपल्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची सक्ती करू नये असे सुचवले, कारण सक्ती झाली की माणसे जुन्याच पासवर्डच्या शेपटाला एखादा आकडा जोडून मोकळी होतात. तरीही अनेक कार्यालयांत ही सक्ती अजून भक्तिभावाने पाळली जाते, हा भाग वेगळा. प्रत्येक खात्याला निराळा, लांबलचक पासवर्ड लक्षात ठेवणे कोणालाच शक्य नसल्याने ते काम पासवर्ड मॅनेजरवर, म्हणजे सर्व पासवर्ड एकत्र सांकेतिक रूपात जपणाऱ्या ॲपवर, सोपवणे श्रेयस्कर.

परंतु पासवर्ड कितीही चांगला असला तरी तो विसरल्यास नवा मिळण्याची सोय प्रत्येक खात्यात असते, आणि ही सोय ई-मेलवर किंवा मोबाइल क्रमांकावर अवलंबून असल्यामुळे पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि परसदार सताड उघडे, अशी अवस्था सर्रास आढळते. ३० ऑगस्ट २०१९ रोजी ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून आक्षेपार्ह संदेश प्रसिद्ध झाले, ते चोरांनी त्यांचा मोबाइल क्रमांक आपल्या ताब्यात घेऊन, एसएमएसद्वारे ट्वीट करण्याच्या तेव्हाच्या सोयीचा फायदा उठवल्यामुळे. लॉगिन करण्याची त्यांना गरजही पडली नाही. मोबाइल कंपनीला फसवून दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिम मिळवण्याच्या या प्रकाराला सिम स्वॅप म्हणतात. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाचे, म्हणजे सेकचे, एक्सवरील (पूर्वीच्या ट्विटरवरील) खाते याच मार्गाने पळवले गेले आणि बिटकॉइनशी निगडित फंडांना मंजुरी मिळाल्याची खोटी बातमी त्यावरून पसरली. चोरांनी क्रमांक मिळवून पासवर्ड बदलला होता. आणि खात्याची दुसरी तपासणी आयोगाच्याच कर्मचाऱ्यांच्या विनंतीवरून जुलै २०२३ पासून बंद होती, हे आयोगाला नंतर कबूल करावे लागले. भारतात जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, तो नियम याच फसवणुकीला आळा घालण्यासाठी आहे.

ही दुसरी तपासणी, म्हणजे टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन, सुरू असली की पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा द्यावा लागतो. एसएमएसने येणारा ओटीपी हा त्याचा सर्वांत परिचित आणि सर्वांत कच्चा प्रकार होय. अर्थात काहीच नसण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये एक गुप्त किल्ली एकदाच साठवली जाते आणि ती किल्ली व घड्याळातील वेळ यांच्या गणितातून बहुधा दर ३० सेकंदांनी नवा आकडा तयार होतो, त्यामुळे सिम पळवून तो हाती लागत नाही. मात्र हुबेहूब बनावट पानावर खातेदाराने तो आकडा स्वतःच टाकला, तर चोर त्याच क्षणी तो खऱ्या पानावर वापरू शकतो. पासकीमध्ये, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेल्या किल्लीने लॉगिन करण्याच्या पद्धतीत, ही पळवाटही उरत नाही, कारण तिची खासगी किल्ली खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि डोळे फसले तरी पत्त्यातला फरक ब्राउझरच्या नजरेतून सुटत नाही.

आपल्याकडे फसवणुकीचा आणखी एक साधा मार्ग रुळला आहे. कुरिअर कंपनीतून बोलत असल्याचे सांगून पार्सल अडकल्याची बतावणी केली जाते आणि तारांकन, ४०१, पुन्हा तारांकन व पुढे एक मोबाइल क्रमांक असे डायल करायला लावले जाते. त्यामुळे येणारे कॉल त्या क्रमांकाकडे वळतात, आणि चोर व्हॉट्सॲपचा सहा अंकी नोंदणी कोड फोन कॉलद्वारे मागवून ऐकून घेतो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही डायल करून कॉल वळवण्याची सोय स्थगित करायला लावली ती यामुळेच. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा स्वतःचा पिन आधीच घातलेला असेल, तर नुसता कोड मिळूनही चोराचे काम भागत नाही.

खाते हातचे गेलेच, तर आधी त्याच्याशी जोडलेला ई-मेल सुरक्षित करावा, नाहीतर बदललेला पासवर्ड चोर पुन्हा बदलतो. त्यानंतर सर्व उपकरणांवरून लॉगआउट करणे आवश्यक ठरते, कारण ब्राउझरमधील लॉगिनची खूण, म्हणजे सेशन कुकी, चोरलेली असेल तर तिला पासवर्ड किंवा ओटीपी विचारलाच जात नाही. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क, म्हणजे इंग्रजी क्रमानुसार ६६-सी, अन्वये तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा असून, चोराने मित्रमंडळींकडून पैसे उकळले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवल्यास ते पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता असते. एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे ई-मेलच्या सेटिंगमध्ये चोराने प्रत्येक पत्राची प्रत स्वतःकडे वळवण्याचा नियम तर घालून ठेवलेला नाही ना, हे पाहणे. पासवर्ड बदलला तरी तो नियम जागच्या जागी राहतो.