निर्जीवातून सजीवाकडे : पहिल्या जीवाचा शोध

पावसाची पहिली सर कोसळते आणि दोन दिवसांपूर्वी कोरडे ठणठणीत असलेले डबके बेडकांच्या आवाजाने भरून जाते. कणगीत साठविलेल्या धान्यात काही महिन्यांनी सोंडे दिसू लागतात. उघड्यावर राहिलेले मांस नासते व त्यात अळ्या पडतात. हे जीव येतात कोठून? ओलावा, उष्णता आणि कुजणारे पदार्थ यांतून ते आपोआप जन्म घेतात, अशी समजूत जगातील अनेक संस्कृतींत शतकानुशतके रूढ होती. आपल्याकडे जीवमात्रांचे जारज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार वर्ग मानले गेले. संतवाङ्मयात येणाऱ्या चार खाणी त्या याच. त्यांतील स्वेदज म्हणजे घाम, ऊब व ओल यांपासून उत्पन्न होणारे उवा-डासांसारखे जीव. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचे मतही याहून फारसे निराळे नव्हते.

पृथ्वीवर पहिला जीव कसा अवतरला, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार सुरू होण्यापूर्वी ही समजूत तपासली जाणे आवश्यक होते. तिची तपासणी ज्या पद्धतीने झाली, तीच पुढे या संपूर्ण संशोधनाची पद्धत ठरली.

जीवापासूनच जीव

इटलीतील फ्रान्सिस्को रेडी या वैद्याने १६६८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने काही भांड्यांत मांस ठेवून त्यांतील काही उघडी ठेवली व काहींच्या तोंडावर तलम कापड बांधले. उघड्या भांड्यांतील मांसात अळ्या झाल्या. झाकलेल्या भांड्यांतील मांस नासले, पण त्यात अळ्या झाल्या नाहीत. अळ्या मांसातून निर्माण होत नसून माश्यांच्या अंड्यांतून येतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले. तथापि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जंतू तरी आपोआप उत्पन्न होत असावेत, हा समज आणखी दोनशे वर्षे टिकून राहिला.

तो दूर केला फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी. १८६०च्या सुमारास त्यांनी पौष्टिक द्रव एका चंबूत उकळला. चंबूची मान त्यांनी हंसाच्या मानेप्रमाणे लांब व वाकडी केली होती. हवा आत जाऊ शकत होती, परंतु हवेतील धूळ व तिच्यासोबतचे जंतू नळीच्या वळणातच अडकत. असा द्रव दीर्घकाळ स्वच्छ राहिला. मान तोडताच मात्र थोड्याच दिवसांत तो गढूळ झाला. जंतू हे जंतूंपासूनच येतात, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. गावातील विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकताना, दूध तापविताना किंवा शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करताना आपण याच निष्कर्षावर विसंबून असतो.

परंतु या निष्कर्षातूनच एक नवा पेच उभा राहिला. जीव जर केवळ जीवापासूनच जन्मतो, तर पहिला जीव कोणापासून जन्मला?

पुरातन पृथ्वीचे स्वरूप

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. प्रारंभी तिचा पृष्ठभाग तप्त होता व अंतराळातून येणाऱ्या पाषाणांचा तिच्यावर मारा होत होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या अतिप्राचीन कणांवरून सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीच येथे पाणी असावे, असे अनुमान निघते. त्याच प्रदेशातील पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेल्या रचना आढळल्या आहेत. आजच्या सर्व सजीवांचा समान पूर्वज सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वी अस्तित्वात असावा, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वर्तविला आहे. याचा अर्थ, पृथ्वी वस्तीयोग्य झाल्यावर जीवसृष्टीचा आरंभ होण्यास भूशास्त्रीय मोजमापाने फार काळ लागलेला दिसत नाही.

समान पूर्वजाची कल्पना निराधार नाही. जिवाणू असो, ज्वारीचे ताट असो वा मनुष्य असो, सर्वांची प्रथिने त्याच २० अमिनो आम्लांपासून प्रामुख्याने घडतात आणि सर्वांची आनुवंशिक लिपी जवळजवळ एकच आहे.

ओपॅरिन आणि हाल्डेन

या प्रश्नाला रसायनशास्त्राच्या कक्षेत आणण्याचे श्रेय दोघा शास्त्रज्ञांकडे जाते. रशियाचे अलेक्झांडर ओपॅरिन यांनी १९२४ मध्ये आणि ब्रिटनचे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळपास एकच विचार मांडला. त्या काळी वातावरणात मुक्त ऑक्सिजन नव्हता. सूर्याचे अतिनील किरण व विजा यांच्या ऊर्जेने साध्या वायूंपासून कार्बनी संयुगे तयार झाली, ती समुद्रात साचत गेली आणि समुद्राचे पाणी जणू पातळ, ऊन कढण बनले. त्या कढणात रेणूंची जुळणी होत होत जीवाची पहिली पायरी गाठली गेली.

हाल्डेन यांचे नाव भारतीयांना परके नाही. १९५७ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

आज अशा रीतीने नवा जीव का निर्माण होत नाही, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मधील एका पत्रातच सुचविले होते. आज एखाद्या उबदार डबक्यात असे पदार्थ तयार झालेच, तर अगोदरच अस्तित्वात असलेले जीव ते तत्काळ फस्त करतील. शिवाय आजच्या हवेतील ऑक्सिजनही अशा नाजूक संयुगांचा नाश करतो. पाश्चर यांचा निष्कर्ष आजच्या पृथ्वीसंबंधी आहे. पहिल्या जीवाची कथा तिच्या संपूर्ण निराळ्या अवस्थेची आहे. त्यामुळे दोहोंत विरोध नाही.

काचेच्या चंबूतील समुद्र

ओपॅरिन-हाल्डेन यांचे अनुमान तपासून पाहण्याचे काम शिकागो विद्यापीठातील स्टॅनले मिलर या तरुण विद्यार्थ्याने हॅरॉल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली केले. एका चंबूत पाणी उकळत ठेवले. तो जणू समुद्र. दुसऱ्या चंबूत मिथेन, अमोनिया व हायड्रोजन हे वायू भरले, ते वातावरण. त्यात विजेऐवजी विद्युत ठिणग्या सतत पाडल्या. वाफ थंड होऊन पावसाप्रमाणे पुन्हा पाण्यात उतरत होती. आठवडाभरात पाणी गडद लालसर झाले आणि त्यात ग्लायसिन, ॲलॅनिन इत्यादी अमिनो आम्ले आढळली. १९५३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध होताच जगभर खळबळ उडाली.

पुढे भूशास्त्राच्या अभ्यासातून असे दिसून आले, की प्रारंभीच्या वातावरणात मिथेन व अमोनिया यांपेक्षा कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन यांचे प्रमाण अधिक असावे. आणि अशा मिश्रणात अमिनो आम्ले फार कमी तयार होतात. म्हणजेच मिलर यांचा चंबू पुरातन पृथ्वीचे हुबेहूब चित्र नव्हता. तरीही जीवाचे घटक निर्जीव पदार्थांपासून तयार होऊ शकतात, ही त्यांनी दाखवून दिलेली मूळ गोष्ट अबाधित आहे.

आकाशातून आलेला पुरावा

या गोष्टीला पृथ्वीबाहेरूनही दुजोरा मिळाला. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावाजवळ एक अशनी कोसळला. श्रीलंकेत जन्मलेले सिरिल पोन्नमपेरुमा यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली असता त्यात अमिनो आम्ले सापडली. अमिनो आम्लांचे रेणू डाव्या व उजव्या हाताप्रमाणे परस्परांच्या प्रतिबिंबासारखे दोन प्रकारचे असतात. सजीवांच्या प्रथिनांत डावेच आढळतात. अशनीत मात्र दोन्ही प्रकार जवळजवळ सारख्या प्रमाणात होते. त्यामुळे ती जमिनीवरील जीवांच्या स्पर्शाने आलेली नाहीत, हे ओळखता आले. बेनू या लघुग्रहावरून ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये सुमारे १२१ ग्रॅम माती पृथ्वीवर आणली. सजीवांच्या २० अमिनो आम्लांपैकी १४ आणि आनुवंशिक रेणूंतील पाचही मूलघटक तीत असल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

जीवाचे घटक आकाशातून आले असतील, तर प्रत्यक्ष जीवही तेथूनच आला असेल काय? फ्रेड हॉइल व चंद्रा विक्रमसिंघे यांनी हा विचार आग्रहाने मांडला. त्याच्या तपासणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या साहाय्याने एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक बलून आकाशात सोडण्यात आला. निर्जंतुक व निर्वात केलेल्या पोलादी नळकांड्यांतून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा गोळा झाली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात व हैदराबाद येथील प्रयोगशाळेत तिचे परीक्षण होऊन जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. त्यांतील एका जातीला हॉइल यांचे नाव देण्यात आले. अतिनील किरणांना तोंड देण्याची त्यांची शक्ती त्यांच्या निकटच्या जातींपेक्षा अधिक होती. परंतु २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना, हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून निश्चितपणे सिद्ध होत नाही, असे संस्थेने स्पष्ट केले. पुराव्याने जेवढे सांगितले तेवढेच सांगण्याचा हा संयम त्या प्रयोगाइतकाच महत्त्वाचा आहे. आणि जीव बाहेरून आला असे मानले, तरी तेथे तो कसा उत्पन्न झाला, हा प्रश्न उरतोच.

बीज आधी की वृक्ष?

घटक मिळाले, म्हणजे जीव मिळाला असे नव्हे. विटा, वाळू व चुना यांचा ढीग म्हणजे घर नव्हे. जीवाला स्वतःची सीमा हवी, ऊर्जा वापरता यावी आणि स्वतःची नक्कल करता यावी. यांतील नक्कल हाच सर्वांत अवघड टप्पा आहे. आजच्या पेशीत डीएनएमध्ये माहिती साठविलेली असते. पण ती उतरवून घेण्यासाठी प्रथिने लागतात आणि प्रथिने घडविण्यासाठी डीएनएतील माहिती लागते. हा बीजांकुरन्यायच होय.

या कोड्यातून मार्ग दाखविला तो आरएनए या रेणूने. थॉमस चेक व सिडनी ऑल्टमन यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी असे दाखवून दिले, की आरएनए माहिती तर साठवितोच, शिवाय प्रथिनांप्रमाणे रासायनिक क्रियाही घडवून आणू शकतो. त्यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिने तयार करणारा पेशीतील कारखाना म्हणजे रायबोसोम. त्याच्या रचनेच्या संशोधनासाठी २००९ चे नोबेल तिघांना मिळाले. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी वेंकटरामन रामकृष्णन हे त्यांपैकी एक. या कारखान्यात अमिनो आम्लांची सांधणी करणारा भाग आरएनएचाच आहे, हे या संशोधनातून उघड झाले. प्रथिने व डीएनए यांच्या आधी आरएनएचे युग होऊन गेले असावे, या मताला त्यामुळे बळकटी आली. २००९ मध्येच जॉन सदरलँड व सहकाऱ्यांनी आरएनएच्या चार घटकांपैकी दोन साध्या रसायनांपासून तयार करून दाखविले. स्वतःची संपूर्ण नक्कल करणारा आरएनए आपोआप कसा जुळला असेल, याचे उत्तर मात्र अद्याप मिळालेले नाही.

समुद्राचा तळ की किनाऱ्याचे डबके?

जन्मस्थानाविषयीही दोन प्रमुख मते आहेत. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाशी उष्ण पाण्याची विवरे सापडली आणि सूर्यप्रकाशाविना, खनिजांच्या रासायनिक ऊर्जेवर जगणारी समृद्ध जीवसृष्टी प्रथमच दृष्टीस पडली. अशाच विवरांच्या सच्छिद्र खडकांत जीवाचा आरंभ झाला असावा, असे एक मत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या पथकाने हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील असे सक्रिय विवर प्रथमच छायाचित्रित केले.

दुसरे मत जमिनीवरील उष्ण कुंडांच्या बाजूचे आहे. रेणूंची साखळी जुळताना त्यांतून पाणी बाहेर पडावे लागते. भर समुद्रात हे कठीण, तर आटणाऱ्या डबक्यात सुलभ. डबके आटले की रेणू जुळतात, भरले की पसरतात. स्निग्ध आम्लांचे रेणू तर पाण्यात आपोआप सूक्ष्म पिशव्यांचा आकार घेतात. पेशीच्या आवरणाचे मूळ त्यांत असू शकेल.

शिक्षणाच्या दृष्टीने

एवढ्या विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पृथ्वीवरील ज्ञात जीवसृष्टी एकाच मूळ पूर्वजापर्यंत जाऊन पोहोचते. तिचे घटक पृथ्वीवर व पृथ्वीबाहेरही निसर्गतः तयार होतात. आणि तिचा आरंभ साडेतीनशे कोटी वर्षांहून अधिक प्राचीन आहे. पहिला जीव नेमका कोठे व कोणत्या क्रमाने घडला, हे मात्र अजून ठरावयाचे आहे. वर्गात हा विषय शिकविताना या दोन्ही बाजू सारख्याच स्पष्टपणे विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत. सिद्ध झालेले आणि अनुमानित यांतील भेद ओळखावयास शिकलेला विद्यार्थी उद्या आरोग्य, शेती वा पाणी यांविषयीच्या कोणत्याही दाव्याला पुरावा मागू शकेल.

१९७६ मधील ४२व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. त्याची सुरुवात करण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन भांडी, थोडे शिजविलेले अन्न आणि एक तलम कापड एवढ्यावर रेडी यांचा प्रयोग गावच्या शाळेतही करून पाहता येतो. झाकलेल्या भांड्यात अळ्या का झाल्या नाहीत, असे एखाद्या मुलाने विचारले, की साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू झालेल्या या शोधाच्या वाटेवर त्याचे पहिले पाऊल पडले असे समजावे.