आल्फ्रेड होल्ट स्टोन : मळेवाला व विधिमंडळाचा सभासद

लेखकानें पुढें केलेल्या पुराव्यांतूनच त्याच्या मताचें खंडन निघतें, हा अनुभव जुनीं दप्तरें चाळणारांस नवा नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील मिसिसिपी राज्याचा आल्फ्रेड होल्ट स्टोन (१८७०-१९५५) ह्याचें चरित्र आम्हीं येथें ह्याच दृष्टीनें पाहणार आहों.

याझू व मिसिसिपी ह्या नद्यांमधील सुपीक प्रदेशांत, वॉशिंग्टन परगण्यांत, स्टोनचा डनलीथ नांवाचा कापसाचा मळा होता. गुलामगिरी १८६५ सालीं नष्ट झाली, तरी जमीन बहुतांशीं गोऱ्यांची व मेहनत काळ्यांची, ही वांटणी टिकली. बहुतेक कुळें अर्धेलीनें पीक काढीत व मळेवाल्याच्या उचलीखालीं दबून असत. कुळें स्थिर व्हावीं म्हणून स्टोननें प्रयोग केला : जमीन ठराविक खंडानें द्यावयाची आणि खेचरें, गाड्या व अवजारें उधारीनें विकावयाचीं. त्याचा वृत्तांत त्यानें १९०५ सालीं एका अर्थशास्त्रीय त्रैमासिकांत छापिला. पुष्कळ कुळें, हातीं चार पैसे आल्यावरही, मळा सोडून गेलीं. यावरून काळा मनुष्य स्वभावतःच अस्थिर, असा सिद्धान्त त्यानें बांधला.

न्यायशास्त्रांत अशा हेतूस 'विरुद्ध' म्हणतात. कारण तो साध्याच्या उलट गोष्ट सिद्ध करितो. जो वर्षभर राबून देणें फेडतो, त्यास चंचल कसें म्हणावें? मळा सोडून जाणें हा एकच हक्क कुळाच्या हातीं उरला होता, व ऋणमुक्त होतांच तो त्यानें बजाविला. १९१५ नंतर लक्षावधि काळे लोक उत्तरेकडील शहरांत गेले, त्याचेंही बीज हेंच.

दुसरे हक्क कोठें गेले होते? १८९० च्या राज्यघटनेनें मतदारावर दोन डॉलरांचा डोईकर बसविला, शिवाय घटनेचें कलम वाचण्याची वा त्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा ठेविली, परीक्षक गोरे. त्यामुळें परगण्यांत बहुसंख्य असूनही काळ्यांचें मत जवळजवळ नाहींसें झालें. अशाच मतदारसंघाच्या बळावर स्टोन १९१६ सालीं विधिमंडळांत आला. पुढें तो राज्याच्या करमंडळाचा अध्यक्ष झाला, व १९३२ च्या दोन टक्के विक्रीकराची अंमलबजावणी त्या मंडळाकडे आली. पीठमीठ घेणाऱ्या कुळापर्यंत त्या कराचा भार पोंचे. कर ठरविणारे निवडण्याचा अधिकार मात्र त्यास नव्हता.

स्टोन अभ्यासू होता व त्यानें नोंदी चिकाटीनें ठेविल्या, हें मान्य केलें पाहिजे. संशोधकानें त्याच्या नोंदी घ्याव्या आणि त्याचा निष्कर्ष तपासून टाकावा, असें आमचें मत आहे.